पठारावरचं मीठ

कांचन ढेबे उंबरीच्या धनगरवाड्यावर चढून आली तेव्हा कुत्र्यांनी तिला घेरलं, आणि अख्ख्या वाड्यात एकानंही त्यांना हाड म्हटलं नाही. तिनं काठी दगडावर आपटली, कुत्री चार पावलं मागं सरली, आणि ती तशीच पुढं आली. झापाच्या दारात तिचा भाऊ जानू तंबाखू मळत बसला होता.

"आली रं आली, डोळ्याची सून आली!" तो मोठ्यानं म्हणाला. "पाय लपवा समद्यांनी. आजपास्नं हवेतनं चालायचं."

बायका हसल्या. गमतीचं हसणं वेगळं असतं. हे तसं नव्हतं.

कांचनची आई झिमाबाई गोठ्यात म्हैस पिळत होती. लेक येऊन उभी राहिली तरी तिनं मान वळवली नाही. दोन वर्षं झाली, ती लेकीशी थेट बोलत नव्हती. जे बोलायचं ते जनावराशी बोलायची.

"भुरे, नीट उभी राहा गं," ती म्हशीला म्हणाली. "सरकार आलंया. तुज्या खुराचा ठसा वर जाईल."

"आये, ऐक. वाघजाईच्या पठारावर तांबडा ठिपका आलाय. मोठा. उद्या निमकर साहेब येणारेत. तो माणसांनी केलाय असं निघालं, तर वाड्याचा वहिवाटीचा कागद रद्द होईल. वाडा उठवतील."

"भुरे, वारं सुटलंय जनू. कानात काय तरी भनभनतंय."

कांचन तिथंच शेणाच्या पाटीवर बसली. तिला राग आला होता, पण राग गिळायची तिला आता सवय झाली होती.

ज्या डोळ्यावरून ही सगळी आग होती तो डोळा आकाशात होता. सरकारी नाव वनदृष्टी. एकामागून एक फिरणाऱ्या लहान लहान उपग्रहांची ती माळ होती. झाडाचं पान ऊन खातं, पण सगळं ऊन त्याच्या पोटात राहत नाही. त्यातलं इवलंसं तांबूस उजेड होऊन बाहेर पडतं. माणसाला तो उजेड दिसत नाही. पान धडधाकट असलं तर तो एका तऱ्हेचा असतो; तहानलेलं, किडलेलं किंवा चेंगरलेलं असलं तर दुसऱ्या तऱ्हेचा. ही गोष्ट शास्त्रज्ञांना जुनीच ठाऊक होती. पूर्वीचे उपग्रहही तो उजेड मोजायचे, पण त्यांच्या चित्रातल्या एकेका ठिपक्यात अख्खा तालुका मावायचा. नवी माळ वर गेली आणि ठिपका घोंगडीएवढा झाला. मग अभयारण्यातलं एकेक झाड कसं आहे हे वरून कळू लागलं. माणूस त्यात दिसत नसे. पण माणूस चालून गेला की त्याच्या पायाखालचं गवत काही दिवस दुखत राहतं, आणि त्या दुखण्याची तांबडी रेघ चित्रात उमटते.

हा डोळा वाड्यावर आला तो कांचनमुळेच. तेव्हा डोंगरात कुठंही झाड पडलं की नाव धनगरांचं यायचं. तालुक्याला शिकून आलेल्या कांचननं खात्याच्या मागं लागून उंबरीच्या रानाची चित्रं काढवली. तोड होत होती ती पलीकडच्या अंगाला, खडीच्या ठेकेदाराच्या रस्त्याकडून. चित्रं बोलली, ठेकेदार गेला, वाड्याला वहिवाटीचा कागद मिळाला. त्या दिवशी कांचनला फेटा बांधून नाचवली होती. खात्यानं तिला पडताळणीदार म्हणून ठेवून घेतली.

पण डोळा काही एकाच बाजूला बघत नाही. पुढच्या हंगामात बंदी असलेल्या अभयारण्यात हिरडा गोळा करायला गेलेल्यांची वाट दिसली. दंड झाला. मध काढायला गेलेल्याला दंड झाला. जानू तर नुसता परसाकडला गेलो होतो म्हणाला. साहेबानं विचारलं, एवढ्या लांब? आणि दरवेळी जागेवर येऊन 'होय, माणूसच' असं लिहून जायची ती कांचन. फेटा बांधणाऱ्या हातांनीच मग तिच्यावर कुत्री सोडली.

"एकदा तरी आमच्या बाजूनं लिव," जानू आता दारातून म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता. "लिव की गव्यांनी केलं. कुनाचं काय जातंय?"

"जातंय, दादा. मी जे लिहिते त्यावरून चित्रं वाचणारं यंत्र शिकतं. तिकडं एका अभयारण्यात पडताळणीदारानं डोंगर चढायचा कंटाळा केला, घरी बसून लिहिलं, झाडांना रोग पडलाय. खरं तर मुळं खरवडून झाडं मारलेली होती. यंत्र तेच शिकलं. मग जिथं जिथं कुणी मुळं खरवडली तिथं तिथं त्याला रोगच दिसायला लागला. कळलं तोवर एक अख्खी उतरण गेली. माझा शब्द इथंच राहत नाही. अख्ख्या सह्याद्रीत लागू होतो."

झिमाबाईचे हात आचळावर थांबले होते. मग पुन्हा दुधाची धार भांड्यात वाजू लागली.

सकाळी वनक्षेत्रपाल निमकर आले. जाडजूड, दमेकरी माणूस. वाईट नव्हता, वरिष्ठ आणि खालचे यांच्यात चेपून चपटा झालेला होता. वाटाड्या म्हणून जानू, मागं कांचन, असे तिघं पठारावर चढले.

हे पठार म्हणजे उंबरीच्या वाड्याचं जुनं गाव. कांचन परकराची होती तेव्हा अभयारण्यासाठी ते खाली हलवलं. निघताना वाघजाई एकटी पडू नये म्हणून प्रत्येक घरानं एक पारडी देवीच्या नावानं पठारावर सोडली. देवीला सोडलेलं जनावर पुन्हा दावणीला बांधायचं नाही, पिळायचं नाही, विकायचं नाही. पण ते जगेल तोवर त्या घरानं दर अवसेला त्याच्यासाठी आपल्या शिळेवर मीठ ठेवायचं, हा घराचा शब्द. पुढं बहुतेक जनावरं बिबट्यानं नेली, काही म्हातारी होऊन मेली. बंदी कडक झाल्यावर लोकांनी मीठही सोडलं. कांचनची समजूत अशी, की सगळ्यांनी सोडलं.

ठिपक्यापाशी आल्यावर ती थांबली. सपाट शिळा पांढरी पडली होती. पावसानं मीठ वाहून भोवती मुरलं होतं, आणि त्या मुरलेल्या मिठानं कारवी, गवत, लहान अंजनी, सगळं जळून गेलं होतं. ओल्या मातीत उभं राहून झाडं तहानेनं मेली होती. मातीत मीठ फार झालं की मुळांना पाणी ओढता येत नाही. पाणी असून नसल्यासारखं. उरलेली जमीन खुरांनी उकरून काढली होती. मिठाच्या वासानं गव्यांचा कळप रोज यायला लागला होता.

"बापरे," निमकर धापा टाकत म्हणाले. "हे काय आहे?"

ऐनाच्या झाडाखाली एक गवा उभा होता. माणसं बघूनही पळाला नाही. तोंडातून लाळेची तार लोंबत होती, पुढचा एक पाय तो टेकवत नव्हता. लाळ्या-खुरकूत. गोठ्यातल्या जनावरांचा रोग. ज्या शिळेवर गोठ्यातून आलेल्या बाईचा हात लागतो आणि देवीची म्हैस चाटते, तीच शिळा हा गवाही चाटत होता.

शिळा कांचनच्याच घराची होती. कांचननं जानूकडं बघितलं. जानू दुसरीकडं बघत होता. त्याला माहीत होतं, मीठ आई ठेवते.

आता तिच्यासमोर दोन वाटा होत्या, आणि दोन्ही कड्यावरून खाली जात होत्या. माणसांचं काम म्हणून नुसतं लिहावं तर वाडा उठणार. एकाच माणसाचं नाव घेऊन लिहावं तर वाडा वाचणार, पण त्या माणसाला अभयारण्य आणि त्याच्या काठावरचे सगळे वाडे कायमचे बंद. आई सत्तरीच्या पुढची. बाजार सोडला तर ती वाड्याखाली कधी उतरलेली नव्हती.

"साहेब, हे गव्यांनी केलंय," कांचन म्हणाली. "काही खडकांतून मीठ पाझरतं. त्याला गवे जमतात आणि उकरतात. नैसर्गिक आहे."

असं लिहिलं की रोग गोठ्यातून आलाय हे झाकलं जाणार होतं, आणि जनावरांचा डॉक्टर येणार नव्हता. आणि डोळा पुढं कुठंही मिठानं जळलेलं रान पाहील तिथं गप्प बसेल. शिकारी लोक मीठ टाकूनच जनावर बोलावतात, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

निमकरांनी सुटकेचा श्वास सोडला. "उत्तम. मग वाड्यातल्या कुणा वडीलधाऱ्याची तोंडी साक्ष घेऊ, की पठारावर कुणी येत नाही. तेवढं झालं की मिटलं."

वाड्यावर खुर्ची मांडली गेली. कांचनला कुणीतरी घोंगडी अंथरून दिली. जानूनं तर तिच्यापुढं चहा ठेवला आणि हळूच म्हणाला, "ऱ्हा की चार दिवस आता." दोन वर्षांत पहिल्यांदाच कुणी तिला राहा म्हणालं. तिनं चहा तसाच बाजूला सरकवला.

वाड्यात सगळ्यांत वडीलधारी झिमाबाईच. जानूनं तिला गोठ्यातून हाताला धरून आणली आणि कानाशी लागून चार शब्द सांगितले. निमकरांनी फोन पुढं धरला.

"आजी, घाबरू नका. फक्त एवढंच सांगा, वाघजाईच्या पठारावर तुमच्या वाड्यातलं कुणी जात नाही ना?"

"कुनीच?"

"कुणीच."

"मग चांदीला मीठ कोन देतं?"

"साहेब, म्हातारीला भ्रम झालाया," जानू घाईनं म्हणाला.

"भ्रम तुज्या सासऱ्याला," झिमाबाई म्हणाली. मग ती वळली, आणि दोन वर्षांनी पहिल्यांदा लेकीच्या डोळ्यांत डोळे घालून बोलली. "तू काय सांगितलंस ह्यास्नी?"

"गव्यांनी उकरलंय म्हणून."

"आन् मीठ?"

"खडकातनं येतं म्हणून."

"म्हंजी ढेब्यांनी मीठ दिलंच न्हाई."

"आये, तुझ्यासाठी सांगितलं. तुला इथनं काढतील."

"माज्यासाठी?" म्हातारी ताडकन उभी राहिली. "तुज्या बापानं त्या पारडीच्या कपाळावर हात ठिवून शबूद दिला हुता. त्यो मेला तवा बी त्याला एकच घोर, चांदीचं मीठ. मी गवतावर पाय न ठिवता, कातळावरनं, काट्याकुट्यातनं अवसेला अवस चढले. आन् तू आता त्या तुज्या यंत्राला सांगनार, की ढेब्यांनी देवीचं जनावर वाऱ्यावर सोडलं. ते यंत्र समद्या डोंगराला सांगत फिरनार. तूच म्हनलीस न्हवं काल? तुजा शबूद हितंच ऱ्हात न्हाई म्हून?"

"आये, त्या मिठानं रान जळलंय. गवे आजारी पडलेत."

झिमाबाई थबकली. हे तिला नवं होतं. वाळलेली कारवी तिनं बघितली होती, पण उन्हानं वाळली असेल असं तिला वाटलं होतं. क्षणभर तिचं तोंड वाकडं झालं, रडणाऱ्या मुलासारखं. मग तिनं पदर खोचला.

"जळलं असंल. तर ते बी माज्या नावावर लिवा. साहेब, तुमचं ते धरा हिकडं. झिमाबाई धुळा ढेबे. मीठ म्या ठिवलं, दुसऱ्या कुनी न्हाई. दर अवसेला ठिवलं. पुढल्या अवसेला बी ठिवीन."

निमकरांनी फोन खाली घेतला. "आजी," ते कळवळून म्हणाले, "शेवटचं वाक्य नको होतं हो."

वाडा वाचला. झिमाबाईला हद्दपारीचा हुकूम आला. ती निघाली त्या दिवशी बरेच जण कामाला गेले होते, किंवा गेल्यासारखं करून झापात बसले होते. जानूनं गाठोडं खालच्या रस्त्यापर्यंत आणलं.

"आये, लोकं इसरतील बघ. मग मी न्यायला येतो."

"पयला तूच इसरशील," झिमाबाई म्हणाली आणि गाठोडं त्याच्या हातातून हिसकावून घेतलं.

तालुक्याच्या गावी कांचनच्या दोन खोल्या होत्या. तिथं म्हातारी भिंतीकडं तोंड करून बसायची. जेवण पुढं ठेवलं तर जेवायची, पण चव विचारली तर म्हणायची, "कैद्याला इचारत न्हाईत." शेजारीण ओळख काढायला आली, तर तिला सांगितलं, "ही माजी लेक न्हवं, ही माजी पडताळनी."

पठारावर डॉक्टरांची तुकडी गेली. शिळा फोडून मीठ गोळा केलं, आजारी गव्यांना औषध दिलं, बाकीच्यांना दुरून लस टोचली. चांदी अजून जिवंत होती. मागचे पाय लटपटणारी, हाडं वर आलेली, कपाळावर पांढरी चकती. रक्त तपासायचं म्हणून तिला गुंगीची सुई मारली. ती गुडघ्यांवर बसली, आडवी झाली, आणि पुन्हा उठली नाही. खात्यानं तिला तिथंच खोल पुरलं. कांचन तिथं हजर होती.

घरी येऊन तिनं आईला सगळं सांगितलं, काही न झाकता.

"तोंडात पानी कुनी घातलं?" झिमाबाईनं विचारलं.

"कुणी नाही. लगेच गेली."

"तू हुतीस की तितं."

म्हातारीनं पुन्हा भिंतीकडं तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी कांचन उठली तेव्हा आईचं अंथरूण घडी करून ठेवलेलं होतं. बसस्थानकावर कुणी बघितली नव्हती. जानूचा फोन लागला, तो म्हणाला, "हिकडं न्हाई आली. आन् आली तरी आमी ठिवून घेनार न्हाई, आदीच सांगतो. कागद जाईल."

चित्र पुढच्या फेरीला आलं. डांबरी रस्त्यापासून वाघजाईच्या पठारापर्यंत एक बारीक तांबडी रेघ. चोरून जाणाऱ्याची वाट वाकडी असते, झाडांच्या आडोशानं जाते. ही रेघ सरळ उघड्या माळावरून गेली होती, जणू कुणी वरच्या डोळ्याला दाखवत दाखवत चाललं होतं. चांदीला पुरलं तिथं ती संपत होती. परतीची रेघ नव्हती.

यंत्रानं विचारलं, कारण?

कांचननं लिहिलं, माणूस.

कोण? झिमाबाई धुळा ढेबे.

कशासाठी? पुढं ठरलेली उत्तरं होती: लाकूड, शिकार, चराई, इतर. तिनं 'इतर' निवडलं आणि मोकळ्या जागेत लिहिलं, सुतक. यंत्राला तो शब्द ठाऊक नव्हता. तिनं तो तसाच ठेवला. मग निमकरांना काही न कळवता काठी घेऊन ती निघाली.

पठारावर ऊन रखरखत होतं. नव्यानं भरलेल्या मातीशेजारी झिमाबाई मांडी घालून बसली होती. ओठ फुटले होते. लेकीला बघून तिला आश्चर्य वाटलं नाही.

"आलीस? किती जनं आनलीस मागं?"

"एकटीच आले. ऊठ. उद्या साहेब माणसं घेऊन येतील, उचलून नेतील तुला."

"येऊ द्या. देवीचं जनावर गेलं की घरातलं मानूस सुतकाला बसावं लागतं. जानू येनार न्हाई. मग कोन बसनार?" तिनं जरा दम घेतला. "लिवलंस माजं नाव?"

"लिहिलं."

"घराच्या नावासकट?"

"घराच्या नावासकट."

"खोटं काय न्हाई घातलंस न्हवं?"

"नाही."

"झालं मग तुजं काम. जा."

कांचननं पाण्याची बाटली आईपुढं आपटली. "पी आधी. मेलीस इथं तर तुझीपण पडताळणी मलाच करावी लागेल."

म्हातारी पाणी प्यायली, घटाघटा, अर्धं अंगावर सांडत. कांचन उभीच होती. पायाखाली माती अजून भुसभुशीत होती. सुई मारताना ती इथंच उभी होती, आणि तिच्या कमरेला ही बाटली तेव्हाही होती. तिनं काठी बाजूला टाकली आणि आईपासून हातभर अंतर राखून मातीवर बसली.

"तू कशाला बसलीस?"

"घरातलं माणूस लागतं म्हणालीस ना."

"तुजी नोकरी जाईल."

"गप बस."

"मला गप बस म्हनतीस?"

"हो. तुलाच."

झिमाबाईनं काही तरी पुटपुटून तोंड दुसरीकडं वळवलं. पण उठवलं नाही. दोघी दोन बाजूंना बघत बसून राहिल्या. ऊन कलंडलं. खालच्या दरीतून गव्यांचा कळप चरत वर आला, शिळेच्या रिकाम्या जागेपाशी थांबला, हुंगून पुढं गेला. त्यात लंगडणारा एकही नव्हता. म्हातारी त्यांच्याकडं कळप नजरेआड होईपर्यंत बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कांचनच्या कमरेचा फोन थरथरायला लागला. तिनं काढून बघितला आणि तसाच मांडीवर धरून ठेवला.

"काय म्हनतंय?" झिमाबाईनं विचारलं.

"पठारावर नवा ठिपका दिसलाय. पडताळणीदारानं ताबडतोब जागेवर पोचावं."

"मग लिव की," म्हातारी म्हणाली. "पोचलीया म्हून लिव."